माघात भडोच

नर्मदेकाठच्या माणसाला नर्मदा ठाऊक असते, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक त्याला ठाऊक असतो तो आपल्या गावचा घाट, आपल्या गावचा उतार आणि पुराच्या वेळी पाणी चढते ती आपल्या गावची पायरी. अमरकंटकापासून समुद्रापर्यंत १,३१२ किलोमीटर वाहणाऱ्या नदीचा हा केवढा अंश! आम्हां सतवासकरांचेही तेच. गावाच्या दक्षिणेस नर्मदा. पूर्वेस नेमावर, तेथे सिद्धनाथाचे प्राचीन देवालय, आणि नेमावर व पैलतीरीचे हंडिया यांच्यामधले नर्मदेचे नाभिस्थान. नाभीपाशी स्नान करावे, "नर्मदे हर" म्हणावे आणि घरी परतावे, यातच आमच्या पिढ्या सरल्या. पुढे ती माय कोठे जाते, समुद्राला कशी भेटते, हे पाहण्यास आमच्यापैकी फारच थोडे गेले.

माळव्यातल्या मराठी घरांचे नर्मदेशी असलेले नाते केवळ शेजाराचे नाही. होळकर-शिंद्यांच्या चाकरीनिमित्त आपले पूर्वज नर्मदा ओलांडून उत्तरेस आले, पण नर्मदा त्यांच्या देवघरात त्याच्याही आधीपासून होती. पंचायतनातला गंडकीचा शाळिग्राम विष्णूचा, शोणभद्राचा तांबडा पाषाण गणपतीचा, तसा नर्मदेचा बाण शंकराचा. हे बाण ज्या धावडी कुंडातून विशेषेकरून येत, ते धाराजीजवळचे कुंड आपल्याच देवास जिल्ह्यातले. कोकणातल्या किंवा सोलापुराकडच्या एखाद्या घरातला बाण आमच्या परिसरातून तेथवर गेलेला असणे अगदी संभवनीय आहे. मराठीत कोरड्या वृत्तीच्या माणसाला 'नर्मदेतला गोटा' म्हणतात. पाण्यात जन्म काढून आत ओल नाही, असा त्याचा अर्थ. नदीकाठी राहून नदीचा शेवट न पाहणाऱ्या आम्हां मंडळींनाही ही उपमा थोडीफार लागू पडेल.

गेल्या माघात तो योग आला. माघ शुद्ध सप्तमी ही नर्मदा जयंती. आपल्या घरांत तोच दिवस रथसप्तमीचा. अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घालावयाचे, संक्रांतीपासून चाललेल्या हळदीकुंकवांची सांगता करावयाची, आणि दुपारी नेमावरच्या घाटावर दीपदानास जावयाचे, असा आमच्या घरचा त्या दिवसाचा क्रम आहे. तो उरकून दोन दिवसांनी आम्ही उभयता निघालो. पौर्णिमा भडोचला गाठावयाची, हा बेत हेतुपूर्वक केलेला होता. त्याचे कारण पुढे येईल.

वसंतपंचमी होऊन गेलेली होती. सतवासच्या शिवारात गव्हाच्या ओंब्या भरत आल्या होत्या आणि हरभऱ्याला घाटे धरले होते. कांटाफोडच्या पुढे रानात एखाददुसऱ्या पळसाने काळ्या कळ्यांतून केशरी टोके बाहेर काढली होती. बाकीचे पळस अद्याप विचारात होते. चापडा करीत इंदूर गाठले. तेथून रात्रीच्या गाडीने धार, झाबुआ, दाहोद, गोध्रा ही गावे झोपेतच मागे टाकून पहाटे बडोद्यास उतरलो. सयाजीरावांच्या त्या नगरीत मराठी कानांवर पडतेच, आणि एखादा दिवस राहण्याचा मोहही होतो. पण तो आवरून आगगाडीत बसलो. बडोद्याहून भडोच सत्तर किलोमीटरच्या आसपास. सगळा मुलूख सपाट आणि काळ्या मातीचा. याला तिकडे 'कानम' म्हणतात. शेतांत कापसाची अखेरची वेचणी चालली होती. या मातीचा कापूस एके काळी मुंबईच्या बाजारात भडोचच्याच नावाने ओळखला जाई.

भडोचचे जुने गाव नर्मदेच्या उत्तर तीरावर उंच टेकाडावर वसलेले आहे. स्थानकाकडची वस्ती कोणत्याही तालेवार गुजराती शहरासारखीच. पण जुन्या भागात शिरले की चढउताराचे अरुंद बोळ लागतात, लाकडी खांबांची आणि कोरीव तोड्यांची घरे दिसतात, आणि कोणत्याही बोळाच्या टोकाशी अचानक आभाळ मोकळे होऊन खाली नदी दिसते. भृगु ऋषींचे हे स्थान म्हणून भृगुकच्छ. त्याचे भरुकच्छ झाले, ग्रीकांच्या तोंडी बारिगाझा झाले, गुजरातीत भरूच आणि मराठीत भडोच. भृगूंचे मंदिर आहे, दशाश्वमेध घाट आहे. भागवताच्या आठव्या स्कंधात बळीच्या यज्ञाचे स्थान नर्मदेच्या उत्तर तीरावरचे भृगुकच्छ म्हणूनच सांगितले आहे. वामन बटू त्रिपाद भूमी मागावयास आला तो येथे. शेतकऱ्याला बळीराजा म्हणणाऱ्या आणि दिवाळीच्या पाडव्याला बळीचे राज्य यावे असे मागणाऱ्या आपल्या लोकांपैकी कितीजणांना ठाऊक असेल, की आपला हा राजा या घाटावरचा!

परंतु भडोचला येणाऱ्या मराठी, आणि त्यातही माळव्यातल्या मराठी माणसाला गहिवर यावा असे कारण पुराणाहून अधिक इतिहासात आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची एक माहितीवही लिहिली. तिचे नाव 'पेरिप्लस'. तिच्यात बारिगाझाविषयी जेवढे सविस्तर लिहिले आहे तेवढे क्वचितच दुसऱ्या बंदराविषयी असेल. या बंदरात माल कोठून येई, तेही तो सांगतो. पूर्वेकडच्या ओझेनेहून, म्हणजे उज्जयिनीहून, गोमेदासारखे खडे आणि मलमल येई. दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवरचे पैठण, आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांवरचे तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर. या दोन नगरांतून दगडधोंड्यांच्या बिकट वाटांनी गाड्या भरभरून माल भडोचला उतरे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी माळव्याच्या राजधानीचे आणि महाराष्ट्राच्या राजधानीचे बंदर एकच होते. उज्जैनचा गाडीवान आणि पैठणचा गाडीवान याच टेकाडाखाली बैल सोडून एकमेकांशेजारी भाकरी भाजीत बसले असतील, अशी कल्पना केली तर ती फारशी चूक ठरू नये. महाराष्ट्र आपला की माळवा आपला, असा प्रश्न आपल्या मुलांना अधूनमधून पडतो. भडोचच्या या बाजारात तो प्रश्नच उद्भवला नसता.

याच काळाची दुसरी साक्ष नाशिकच्या लेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने आपल्या दानधर्माचा लेख पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात कोरून ठेवला आहे. त्यात प्रवाशांसाठी निवासस्थाने बांधलेल्या चार गावांची नावे आहेत. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक. यांतले दशपुर म्हणजे आपल्या माळव्यातले मंदसौर, गोवर्धन नाशिकजवळचे, आणि शूर्पारक म्हणजे वसईजवळचे सोपारे. गुजरात, माळवा, महाराष्ट्र आणि कोकण यांना एका ओळीत बसविणारा इतका जुना लेख विरळाच.

पुढे शतके उलटल्यावर मराठी इतिहासानेही भडोचला हात लावला. १७७२ साली इंग्रजांनी नबाबाकडून हे शहर घेतले. वडगावच्या लढाईत, १७७९ साली, पराभूत झालेल्या इंग्रज फौजेशी महादजी शिंदे सौजन्याने वागले, म्हणून सालबाईच्या तहानंतर १७८३ साली इंग्रजांनी भडोच त्यांच्या हवाली केले. उज्जैनच्या धन्याकडे पुन्हा एकदा समुद्राचा दरवाजा आला! तो वीस वर्षे राहिला. ऑगस्ट १८०३ मध्ये इंग्रजांनी शहर परत जिंकले आणि त्याच वर्षअखेर सुर्जी-अंजनगावच्या तहाने दौलतराव शिंद्यांना त्यावर पाणी सोडावे लागले. घाटाच्या पायऱ्यांवर बसून हे सारे आठवताना आमच्या मनात आले, की माळव्यातून समुद्राकडे जाण्याचा इतिहासाला जो रस्ता सुचला, तोच आधी नर्मदेला सुचलेला होता.

आता आम्ही पौर्णिमा का साधली ते सांगतो. कोकणातल्या वाचकाला भरती-ओहोटी सांगणे म्हणजे सोनाराला कान टोचणे शिकविणे होय. पण आम्ही पडलो घाटावरची माणसे. अमावास्या-पौर्णिमेला सूर्यचंद्रांची ओढ एकत्र होते आणि भरती सर्वांत मोठी येते. तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ती सर्वांत लहान, म्हणजे भांगाची. खंभातच्या आखाताचा आकार नरसाळ्यासारखा असल्यामुळे आत शिरणारे पाणी दोन्ही बाजूंनी दाबले जाऊन उंच चढते, आणि तेथली भरती आपल्या देशातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी एक असते. 'पेरिप्लस'च्या लेखकानेही हीच गोष्ट विस्मयाने नोंदली आहे. थोड्या वेळापूर्वी जेथे गलबते चालत होती तेथे तळ उघडा पडतो, आणि भरती आली की नदी उलटी, उगमाकडे धावू लागते. अनोळखी नावाड्याला हे मुख दगा देई, म्हणून राजाने नेमलेले स्थानिक कोळी 'त्रप्पग' आणि 'कोटिंब' नावाच्या मोठ्या नावा घेऊन दूरवर समुद्रात जात व परक्या गलबतांना वाट दाखवीत भडोचपर्यंत आणीत. गाळाने उथळ होत गेलेल्या या मुखामुळेच पुढे मोठ्या जहाजांचा व्यापार सुरतेकडे आणि मग मुंबईकडे सरकला.

पौर्णिमेच्या दिवशी उन्हे कलल्यावर आम्ही घाटावर जाऊन बसलो. समोर सोनेरी पूल. पूर्वीचे पूल पुरांनी निकामी केल्यावर इंग्रजांनी १८७७ साली याचे काम काढले आणि १८८१ साली तो खुला झाला. लांबी १,४१२ मीटर. बांधणी लोखंडाची, पण खर्च इतका झाला की तेवढ्यात सोन्याचा पूल झाला असता, म्हणून लोकांनी हे नाव ठेवले असे सांगतात. त्याच्या शेजारीच २०२१ साली नवा नर्मदामैया पूल झाला आणि वाहनांची वर्दळ तिकडे गेली. त्या वेळी पुलाखाली वाळूची लांबच लांब बेटे उघडी होती, त्यांवर बगळे हिंडत होते, आणि पाण्याची एक धार पैलतीराला चिकटून संथ वाहत होती. ही नर्मदा? नेमावरला आम्ही सोडून आलो ती भरलेली नदी ती हीच का, असा प्रश्न आम्हांला पडला.

आणि मग पाणी वळले. प्रथम आवाज काहीच नाही. पाण्यावर वाहणारी झेंडूची एक माळ थबकली, जरा घुटमळली आणि पूर्वेकडे, आमच्या सतवासच्या दिशेने, चालू लागली. पश्चिमेकडून आलेला वारा गार आणि खारट होता. पाहता पाहता वाळूच्या बेटांच्या कडा बुडाल्या, बगळे उठले, चिखलात कलंडलेल्या होड्या एकेक करून सरळ झाल्या. तासा-दीड तासात नदीचे पात्र काठोकाठ भरले आणि त्या विस्तीर्ण पाण्यावर माघी पौर्णिमेचा चंद्र उगवला. हे दृश्य इतके भव्य होते की सौभाग्यवतींनी नकळत हात जोडले. शेजारी एक वृद्ध नावाडी जाळे आवरीत बसला होता. तो किंचित हसून गुजरातीत म्हणाला, "बेन, आ मैयानुं पाणी नथी, आ तो दरियानुं."

बहिणी, हे मैयाचे पाणी नव्हे, हे तर दर्याचे!

त्याच्याशी मग बराच वेळ बोलणे झाले. उन्हाळ्यात भरतीबरोबर खारे पाणी वर चढते हे येथे नवे नाही. पण त्याच्या लहानपणी वरून येणारी धार एवढी जोरकस असे की ती समुद्राला मागे रेटी. आता रेटणारीच थकली आहे. २०१७ चा पावसाळा नर्मदेच्या खोऱ्यात कमी झाला, आणि २०१८ च्या वसंतात धरणाखालचे पात्र इतके सुकले की समुद्र भडोच ओलांडून वर गेला; विहिरी मचूळ झाल्या, काठच्या शेतांना नदीचे पाणी देता येईना. येथल्या कोळ्यांचे मुख्य धन म्हणजे हिलसा मासा. तो राहतो समुद्रात, पण अंडी घालण्यासाठी पावसाळ्यात गोड्या पाण्याचा माग काढीत नदीत चढतो. गोडे पाणी समुद्रापर्यंत पोचलेच नाही तर त्याला माहेरची वाट सापडावी कशी? खारे पाणी अडविण्यासाठी भडोचच्या खाली भाडभूत येथे नदीवर आडवा बंधारा घालण्याचे काम सरकारने हाती घेतले आहे. त्यामुळे शहराला आणि शेतीला गोडे पाणी मिळेल असे त्याचे पुरस्कर्ते सांगतात. माशाची वाट कायमची बंद होईल असे कोळी सांगतात. दोघांचेही म्हणणे ऐकून घेतले तर दोघेही आपापल्या जागी खरे वाटतात, आणि हीच या प्रश्नाची बिकट बाजू आहे.

बरे, पाण्याचे केवळ दुर्भिक्षच आहे असेही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये वरून एकाएकी प्रचंड पाणी सोडावे लागले तेव्हा सोनेरी पुलापाशी नदी चाळीस फुटांच्या आसपास चढली. धोक्याची रेषा तेथे २४ फुटांवर आहे. एका वसंतात कोरड, दुसऱ्या भाद्रपदात महापूर. आपल्या लहरीने वाहणारी नदी दुसऱ्यांच्या वेळापत्रकाने वाहू लागली, म्हणजे तिच्या अखेरच्या गावाला असे दिवस येतात.

त्या नावाड्याच्या बोलण्यातला एक शब्द आमच्यातल्या मराठीच्या मास्तराला रात्रभर छळीत राहिला. गुजरातीत 'मीठुं' म्हणजे गोड, आणि 'मीठुं' म्हणजेच मीठ. मराठीतले 'मीठ'ही मूळ संस्कृत 'मिष्ट', म्हणजे गोड किंवा रुचकर, याच शब्दापासून आलेले. आणि हिंदीत 'मीठा' म्हणजे निखळ गोड. माळव्यातल्या मराठी मुलाला घरात मीठ खारट आणि रस्त्यावर मीठा गोड, अशी कसरत लहानपणापासून अंगवळणी पडलेली असते. नर्मदेच्या मुखाशी या दोन्ही अर्थांची प्रत्यक्ष भेट होते. भाषेने त्यांना एका शब्दात सुखाने नांदविले आहे. नदीला मात्र ते साधण्यासाठी दोन्ही बाजूंचे पाणी लागते.

दुसऱ्या दिवशी शुक्लतीर्थाच्या बाजूला जाऊन नावेने कबीरवड पाहिला. नदीतल्या बेटावरचा हा विशाल वड. कबीरांनी दात घासून टाकलेल्या काडीपासून तो वाढला अशी आख्यायिका आहे. मूळ खोड कोणते आणि पारंबी कोणती हे सांगणे आज अशक्य आहे. दोनतीन शतकांपूर्वी येऊन रुजलेल्या आपल्या समाजासारखाच हा वड, असे मनात आले. परतताना बाजारात भडोचची प्रसिद्ध खारी शेंग घेतली. सुजनी पाहिली. आपल्या गोधडीची ही मावसबहीण, पण हिला टाका म्हणून नाही. मागावर विणतानाच दोन पदरांमध्ये चौकोनी कप्पे होतात आणि त्यांत कापूस भरत जातात. विणणारी घराणी थोडी उरली आहेत. २०२४ साली या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे तिला चार दिवस बरे येतील अशी आशा करू या. गुजरातीतील थोर कादंबरीकार कन्हैयालाल मुनशी हेही १८८७ साली याच गावी जन्मले, हे साहित्याच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

तिसरा दिवस आम्ही अखेरच्या टोकासाठी राखून ठेवला होता. भडोचहून दहेजच्या रस्त्याने पश्चिमेकडे निघाले की बराच काळ रासायनिक कारखान्यांची धुराडी सोबत करतात, मग मिठागरे लागतात, आणि शेवटी मिठी तलाई हे स्थान येते. परिक्रमा करणाऱ्यांनी नदी ओलांडावयाची नसते. ती सतत उजव्या हाताला ठेवून चालावयाचे असते. मग एका तीरावरून दुसऱ्या तीरावर जावे कसे? ज्या ठिकाणी नदी नदी राहिलेली नाही, तेथून. दक्षिण तीरावरच्या विमलेश्वराहून नावेत बसतात आणि भरतीच्या वेळा सांभाळीत, समुद्रातून, तीनचार तासांनी उत्तर तीरावर मिठी तलाईला उतरतात.

आम्ही पोचलो तेव्हा अशी एक नाव नुकतीच लागली होती. तीसचाळीस माणसे गुडघाभर चिखलातून काठ्या टेकीत वर येत होती, आणि त्यांतली निम्मी तरी मराठी बोलत होती! गोनीदांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा' या कादंबरीने आणि अलीकडे जगन्नाथ कुंटे यांच्या पुस्तकांनी महाराष्ट्राला या वाटेचे वेड लावले आहे. साताऱ्याकडच्या एक आजीबाई आम्हांला पाहून थबकल्या. आम्ही सतवासचे, नेमावरजवळचे, असे कळताच म्हणाल्या, "म्हणजे नाभीपाशी राहता की तुम्ही! मग तुम्हांला कशाला हो चालायचं?" त्यांना काय उत्तर द्यावे ते आम्हांला सुचेना. सौभाग्यवतींनी नेमावरहून तांब्याच्या गडूत भरून आणलेले नर्मदाजल सोबत होते. ते तेथल्या पाण्यात सोडले. समोर पैलतीर दिसत नव्हता. करड्या पाण्यावर करडे आभाळ टेकले होते. एवढ्याशा गडूतले पाणी तरी मधल्या धरणांना न विचारता समुद्राला पोचले, एवढेच समाधान.

हा विनोद नव्हे. १९७९ साली नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाने खोऱ्यातले २८ दशलक्ष एकर-फूट पाणी वाटून दिले. मध्य प्रदेशास १८.२५, गुजरातेस ९, राजस्थानास ०.५० आणि महाराष्ट्रास ०.२५. महाराष्ट्राला ही नदी अवघी ७४ किलोमीटर, तीही सीमेवरून, स्पर्श करते. तरी त्याचा वाटा निघाला. राजस्थानात ती जातही नाही. तहानलेल्यांचा म्हणून त्याचाही निघाला, आणि ते उचितच झाले. या यादीत चार राज्यांची नावे आहेत. समुद्राचे नाव नाही. सर्वांत मोठा हिस्सा आपल्या मध्य प्रदेशाचा, हे विसरता येत नाही. पुनासाचे इंदिरासागर हे साठवणीच्या दृष्टीने देशातल्या सर्वांत मोठ्या जलाशयांपैकी एक आहे. त्याच्या पोटी २००४ साली हरसूद गेले. इंदूर १९७८ पासून नर्मदेचे पाणी पिते. २०१४ पासून तीच नर्मदा क्षिप्रेला जाऊन मिळते आणि उज्जैनचे पर्वस्नान घडविते. आमच्या सतवासच्या घरात रात्री दिवा लागतो आणि रब्बीचा गहू पिकतो, त्यांतही तिचाच वाटा आहे. तेव्हा धरणे नकोत असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही, आणि तसे आम्ही म्हणतही नाही.

परंतु अडविलेल्या पाण्याखाली माणसे राहतात, याचा विसर पडला तर काय होते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. ७ एप्रिल २००५ च्या रात्री धाराजीला भूतडी अमावास्येच्या मेळ्यासाठी जमलेले यात्रेकरू पात्रातल्या खडकांवर विसावले होते. वरच्या धरणातून वीजनिर्मितीसाठी पाणी सुटले. खाली कोणाला वार्ता नव्हती. साठांहून अधिक माणसे वाहून गेली. पुढे ओंकारेश्वरच्या धरणाच्या फुगवट्यात धाराजीचा तो धबधबा आणि बाणांचे ते धावडी कुंडही बुडाले. आता देवघरातला बाण हीच त्या जागेची खूण. त्या रात्री चुकले ते एवढेच, की पाणी सोडणाऱ्याला खालच्या माणसाची आठवण नव्हती. नर्मदा अडवताना भडोचची आठवण न ठेवणे हे त्याच चुकीचे मोठे आणि संथ रूप आहे. तेथे माणसे एका रात्रीत वाहून जात नाहीत, विहिरी वर्षावर्षाने खाऱ्या होत जातात, एवढाच फरक.

बळीने तीन पावलांत सर्वस्व दिले, आणि देवाने त्याला निदान पाताळ तरी दिले. नर्मदाही देतच आली आहे. तिच्यासाठी एवढे तरी राखून ठेवावे, की ती बारमाही, आपल्या पायांनी, समुद्राच्या दारापर्यंत चालत जाईल. आपल्याकडे अन्न वाढताना गाईचा घास, कावळ्याचा घास वेगळा काढतात. हिशेबात तो कोणी धरीत नाही, पण काढल्यावाचून जेवतही नाहीत. पाण्याच्या पंगतीत समुद्राचा घास तसाच काढला गेला पाहिजे. नाभीपाशी राहणाऱ्यांनी हे बोलावे, कारण खालचे लोक बोलले तर ते वाटा मागतात असे वाटते. वरचे बोलले तर ते वाटा सोडण्याची भाषा आहे, आणि तिचे वजन अधिक पडते.

असो. माळव्यातल्या मराठी कुटुंबांनी सवड काढून एकदा तरी भडोचला जावे. माघ आणि फाल्गुन हे महिने उत्तम. ऊन सोसवते आणि हवा कोरडी असते. शक्य तर अमावास्या किंवा पौर्णिमा साधावी, म्हणजे उधाणाची भरती दिसते. झाडेश्वरला नीलकंठेश्वराच्या परिसरात नदीचा काठ प्रशस्त आहे, तेथे सकाळ घालवावी; संध्याकाळ दशाश्वमेध घाटावर. मुलांना बरोबर न्यावे. त्यांना पैठणचा आणि उज्जैनचा माल एका बाजारात उतरत होता हे सांगावे, आणि पाणी उलटे वाहू लागते तो क्षण त्यांच्या डोळ्यांनी पाहू द्यावा. मग पुढच्या रथसप्तमीला नेमावरच्या घाटावर दिवा सोडताना, तो कोठे जावयास निघाला आहे हे त्यांना सांगावे लागणार नाही.